वाचकांचे प्रश्न : तुझ्या साकुराच्या हातांना फोड आहेत का?

मागच्या अंकात जपानमधल्या ओकायाच्या रेशीम गिरण्यांवर लिहिलं आणि शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलं, की एवढा मालमसाला पडलाय तर कुणीतरी मराठीत वाफेच्या जमान्यातली, जपानी वळणाची एक अद्भुत कादंबरी लिहा आणि तिची नायिका सोळा वर्षांची पोरगी करा. लेखावर तीन पत्रं आली. त्या एका वाक्यावर सतरा. संपादकांनी अख्खी पिशवीच घरी पाठवून दिली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून पाच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : तुम्ही ‘स्टीमपंक’ असा शब्द वापरलात. नातवाला विचारलं तर त्यानं डोक्यावर गॉगल चढवलेल्या, अंगभर पितळी चाकं चिकटवलेल्या मुलीचं चित्र दाखवलं. मी भुसावळला वाफेच्या इंजिनावर फायरमन होतो. आमच्या अंगावर चाकं नव्हती, काजळी होती. हे काय प्रकरण आहे?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून आधी हसले आणि मग ते पुन्हा वाचलं. पुढच्या एका उत्तरात ते वापरणार आहे, परवानगी गृहीत धरते.

शब्द मुळात थट्टेतलाच आहे. १९८७ साली के. डब्ल्यू. जेटर नावाच्या अमेरिकी लेखकानं एका मासिकाला पत्र लिहिलं आणि आपण व आपले मित्र लिहितो त्या जुन्या इंग्रजी वळणाच्या विज्ञानकथांना हे नाव सुचवलं. (म्हणजे बारसं पत्रव्यवहारात झालं. आम्हा सदरवाल्यांना तेवढाच मान.) कल्पना साधी आहे : पेट्रोल आणि वीज बाजूला ठेवायची आणि वाफेवरच जग पुढे गेलं असतं तर काय काय झालं असतं ते रंगवायचं. बहुतेक लेखक लंडनच्या धुक्यात जाऊन बसतात. काहींना जपान खुणावतो, आणि त्याला कारण आहे. तिथे वाफ हळूहळू आली नाही, एके दिवशी दारात येऊन उभी राहिली.

जुलै १८५३. उरागाच्या समुद्रात कमोडोर पेरीची चार अमेरिकी जहाजं आली. चारांपैकी दोनच वाफेवर चालणारी होती, पण धूर चारांचा वाटला. त्यावर लोकांनी जो विनोद केला तो मला फार आवडतो. ‘जोकिसेन’ हे एका उंची चहाचं नाव आणि वाफेच्या जहाजालाही उच्चार तोच. तेव्हा, चारच कप घेतले आणि रात्रभर झोप नाही, अशा अर्थाची एक द्व्यर्थी कविता तोंडोतोंडी झाली. त्याच वर्षी १६ एप्रिलला आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली होती. आपण तिला आगगाडी म्हणालो, कारण आपल्याला विस्तव दिसला. जपानी माणसानं आधी जहाज पाहिलं होतं, म्हणून १८७२ मध्ये शिम्बाशी-योकोहामा गाडी सुरू झाली तेव्हा तिचं लोकांतलं नाव पडलं ‘ओका-जोकी’, म्हणजे जमिनीवरची वाफ.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. तुमचा लेख यायच्या आधीपासूनच मी अशी कादंबरी लिहिते आहे. नायिका साकुरा, वय १६, सामुराईची मुलगी. तलवारीत तिला कुणी हरवू शकत नाही. तिच्याकडे वाफेवर उडणारं जहाज आहे. सहा प्रकरणं झाली, आता पुढचं सुचत नाही. मैत्रीण म्हणते साकुरा स्ट्राँग आहे पण बोअर आहे. माझी आई कांड्या भरते, पप्पा मागावर आहेत. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. खऱ्या जपानमध्ये तेव्हा अशा मुली होत्या का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सगळ्यात आधी, त्या मैत्रिणीला सोडू नकोस. सहा प्रकरणं वाचून खरं बोलणारी मैत्रीण सहजी मिळत नाही.

अशा मुली होत्या. १८६८ च्या यादवीत ऐझू या संस्थानावर सरकारी फौज चालून आली तेव्हा विशीतली नाकानो ताकेको नागिनाता घेऊन बायकांच्या तुकडीपुढे उभी राहिली. नागिनाता म्हणजे लांब दांड्याला वक्र पातं. समोर बंदुका होत्या. तिला गोळी लागली. आपलं मुंडकं शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ते बहिणीनं कापून न्यावं, ही तिची शेवटची इच्छा. ते जिथे पुरलं ते देऊळ आजही आहे. त्याच वेढ्यात किल्ल्याच्या आत यामामोतो याए होती. तिनं केस कापले, लढाईत मेलेल्या भावाचे कपडे चढवले आणि स्पेन्सर रायफल चालवली. बाप तोफखाना शिकवणारा, त्यामुळे पोरीला दारूगोळा कळत होता. एकीकडे पातं, दुसरीकडे रायफल, शहर एकच. आणि दोघीही हरलेल्या बाजूच्या. हे मुद्दाम सांगते आहे. तुझी साकुरा हरतच नाही, म्हणून ती कंटाळवाणी झाली आहे.

पण मला तुला वेगळंच विचारायचं आहे. साकुराचं जहाज उडतं, ठीक. बॉयलर कोण पेटवतं? भुसावळच्या काकांचं पत्र वर छापलं आहे, त्यातला न छापलेला भाग तुझ्यासाठी. ते लिहितात : ‘गेज ग्लासमधल्या पाण्यावरून नजर हटली की संपलं. पाणी खाली गेलं तर शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ सरळ फायरबॉक्सात येते. मे महिन्यात मनमाडच्या पुढे फावडं मारताना तळहाताची साल निघायची, पण हात थांबवता येत नसे.’ तुझ्या सहा प्रकरणांत कुणाच्याच तळहाताची साल निघालेली नाही. साकुराच्या हातांना फोड आहेत का? नसतील तर ते जहाज तिचं नाही, तिच्या बापाचं आहे.

आता तुझ्या कामाची गोष्ट. जपानच्या खऱ्या वाफेच्या युगाचा भार तलवारीवर नव्हता, तुझ्या वयाच्या मुलींच्या बोटांवर होता. त्या काळी देशाची सगळ्यात मोठी निर्यात म्हणजे कच्चं रेशीम. यंत्रं, जहाजं, तोफा घ्यायला लागणारा पैसा त्या धाग्यातून येत होता. सरकारनं १८७२ साली गुन्मा प्रांतात तोमिओकाला फ्रेंच यंत्रांची गिरणी उभारली. ३०० कढया बसतील एवढी, आणि सूत काढायची शेड १४० मीटर लांब. मी तिथे उभी राहिले तेव्हा पलीकडच्या टोकाची माणसं बाहुल्यांएवढी दिसत होती.

गिरणी तयार, आणि मुली येईनात! गावोगाव बातमी पसरली होती की ते परदेशी लोक मुलींचं रक्त पितात. ते पीत होते लाल वाइन. शेवटी गिरणीचे पहिले संचालक ओदाका आत्सुतादा यांनी स्वतःची १४ वर्षांची मुलगी यू हिला पहिली कामगार म्हणून आत पाठवलं. आता सांग, या प्रसंगात कादंबरीचं पहिलं प्रकरण नाही का? बाप दारात उभा, पोरगी त्या लांबलचक शेडमध्ये शिरते आहे, टेबलावर लाल पेला आहे, आणि ती पळत नाही.

पुढच्या वर्षी मात्सुशिरोहून योकोता एइ ही सामुराईची मुलगी आली, पंधरा-सोळा वर्षांची. (लग्नानंतर वादा एइ.) ती काम शिकली, गावी परतली आणि तिथल्या नव्या गिरणीत बाकीच्या मुलींना तिनं शिकवलं. मोठेपणी तिनं आठवणी लिहून ठेवल्या म्हणून आपल्याला हे कळतं. तुझी नायिका सामुराईची मुलगीच हवी असेल तर ही घे. बापाच्या कमरेची तलवार उतरण्याच्या काळात हिच्या हाती कौशल्य आलं.

ते कौशल्य कसलं? कोश गरम पाण्यात टाकायचा म्हणजे त्याचा डिंक सैल होतो. मग बोटानं धाग्याचं टोक शोधायचं. एका कोशात सुमारे एक किलोमीटर सलग धागा असतो, कधी जास्तही. असे काही धागे एकत्र पिळून एक सूत. एखादा कोश संपत आला की सूत बारीक व्हायच्या आत दुसऱ्याचं टोक जोडायचं. बोटं दिवसभर पाण्यात, त्यामुळे पांढरी, सुरकुतलेली. शेडभर उकडलेल्या किड्यांचा वास. हे मी तुला सांगायला नको. तुझी आई कांड्या भरते. धागा तुटल्याचं तिला डोळ्यांआधी बोटाला कळतं की नाही, विचार तिला. वहिफणीला, म्हणजे ताण्याचे धागे ओवायला, बसणाऱ्या माणसाचे डोळे कसे असतात, रात्री सगळे माग एकदम बंद पडले की कानात काय होतं, हे अनेक वर्षं जपानी शिकवूनही मला लिहिता येणार नाही. तुला येईल. इचलकरंजी उचलून जपानमध्ये नेऊ नकोस, पण तिथे जाताना तुझे कान घेऊन जा.

तोमिओकात सुरुवातीला रविवारची सुट्टी होती, कामाचे तासही बरे होते. पुढे खासगी गिरण्या उगवल्या आणि दिवस लांबत गेला, बारा तास, चौदा तास. हिदाच्या डोंगरातल्या मुली १,६७२ मीटर उंचीची नोमुगी खिंड पायी ओलांडून ओकाया-सुवाकडे कामाला जायच्या आणि वर्षअखेरीला बर्फातून परत यायच्या. १८८६ च्या जूनमध्ये कोफू शहरात आमेमिया गिरणीत तास वाढवले, मजुरी कापली, तेव्हा शंभरेक मुली उठल्या आणि थेट एका देवळात जाऊन बसल्या. जपानमधला हा पहिला संप मानतात. मालकाला नमतं घ्यावं लागलं. हातात काही नव्हतं त्यांच्या, तलवार तर नव्हतीच. तुझं अडलेलं सातवं प्रकरण मला तरी या देवळात दिसतं.

नावाबद्दल. ‘साकुरा’ बदल. १८७० च्या दशकात साध्या घरातल्या मुलींची नावं दोन अक्षरी, ठसठशीत असत : हारू, त्सुरू, कामे, मात्सू. आणि एक नाव होतं तोमे. ‘तोमेरू’ म्हणजे थांबवणे. मुली पुरे झाल्या, आता थांबू दे, म्हणून ठेवलेलं नाव. माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं की वर्ग गप्प व्हायचा, आणि मग साताऱ्याकडचं कुणीतरी हळूच म्हणायचं, ‘नकुसा’. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा शेकडो मुलींनी समारंभानं नवी नावं घेतली, तुझ्या आईला आठवत असेल. तोमे नावाची मुलगी वाफ थांबवते की सोडते, एवढ्या एका प्रश्नावर तुझी कादंबरी उभी राहील.

अद्भुत कुठून आणायचं? ड्रॅगन नको, ते सगळ्यांकडे आहेत. जपानी लोककथेत ‘त्सुकुमोगामी’ आहेत : अवजार शंभर वर्षांचं झालं की त्यात जीव येतो, आणि टाकून दिलेलं असेल तर ते रागावलेलं असतं. छत्री, किटली, चपला, काहीही. तिथे मोडलेल्या सुयांचंही श्राद्ध घालतात. सुई वर्षभर कडक कापडातून गेली, आता तिला विसावा मिळावा म्हणून ती मऊ तोफूत टोचून ठेवतात. खंडेनवमीला मागाला हार घालणाऱ्या घरातल्या मुलीला हे वेगळं समजावून सांगायला नको. आता विचार कर, आगीनं आणि पाण्यानं भरलेल्या बॉयलरला शंभर वर्षं थांबावं लागेल का?

एक शेवटचं. तुझ्या जगात धूर आहे, पण तो नुसता शोभेचा आहे. आशिओच्या तांब्याच्या खाणीनं वातारासे नदीत विष सोडलं. मासे मेले, पुराबरोबर ते शेतात गेलं, भट्ट्यांच्या धुरानं डोंगर बोडके झाले. तानाका शोझो या खासदारानं संसदेत वर्षानुवर्षं आवाज उठवला आणि अखेर १० डिसेंबर १९०१ ला सम्राटाच्या बग्गीकडे अर्ज घेऊन धावला. पोलिसांनी अडवलं. जहाजाला तांबं लागतंच. तोमेला ते कुठून येतं हे कधी कळतं, ते तू ठरव.

पहिली दोन प्रकरणं पुन्हा लिहून माझ्याकडे पाठव. आणि आईला सांग. तिला विचारल्याशिवाय तुझं पुढचं पान हलणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी १२ वर्षांची. दिवसभर चाकं लावलेल्या बाहुल्या आणि किमोनोतल्या मुली काढते. त्यापेक्षा आनंदीबाई जोशींचं चरित्र वाच म्हटलं तर तोंड वाकडं करते. हे वेड जावं म्हणून काय करू?
— एक आई, ठाणे

उत्तर : जाऊ देऊ नका हो! तिला एक फोटो दाखवा. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये काढलेला. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत : साडीतल्या आपल्या आनंदीबाई, सीरियाहून आलेल्या साबात इस्लामबूली आणि किमोनोतल्या ओकामी केइ. आनंदीबाई कलकत्त्याहून आगबोटीनं गेल्या होत्या. तुमची लेक ज्या दोन गोष्टींत भांडण आहे असं समजते, त्या त्या फोटोत शेजारी शेजारी बसल्या आहेत. फोटो आधी, चरित्र मागून. ती स्वतःच मागेल.

आणि चाकांच्या बाहुल्यांचं म्हणाल तर तो जपानचा जुना आणि खरा उद्योग आहे. ‘काराकुरी’ म्हणतात. चहा आणणारी बाहुली प्रसिद्ध आहे : हातातल्या तबकात कप ठेवला की पाहुण्याकडे चालू लागते, कप उचलला की थांबते, रिकामा ठेवला की वळून माघारी जाते. आत लाकडी दातेरी चाकं आणि देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्टीची स्प्रिंग. १७९६ मध्ये होसोकावा हान्झो यांनी तिची कृती आकृत्यांसह छापली. अशाच बाहुल्या करता करता तानाका हिसाशिगे हा कासवाच्या पाठीच्या वस्तू करणाऱ्याचा मुलगा घड्याळांकडे वळला. १८५१ चं त्याचं घड्याळ वर्षातून एकदा किल्ली दिली की चाले आणि हजाराहून जास्त सुटे भाग होते त्यात. तेव्हा जपानी तास ऋतूप्रमाणे लांब-आखूड होत, उन्हाळ्यात दिवसाचा तास मोठा, हिवाळ्यात लहान. हे घड्याळ स्वतःहून तो फरक सांभाळून घेई! पुढे त्यानं वाफेच्या इंजिनाचा नमुना केला, ७५ च्या पुढे वय असताना टोकियोच्या गिंझात कारखाना काढला, आणि तोशिबाचं मूळ तिथे आहे.

मुलीला पुठ्ठा आणि कात्री द्या. पसारा होईल, तो तेवढा सोसा.

प्रश्न : इंग्रजांनी आपल्यावर हत्ती, साप आणि महाराजे घालून कादंबऱ्या लिहिल्या त्याचा आपल्याला राग येतो. मग आपण जपानवर किमोनो आणि कटाना तलवारी घालून लिहायचं, यात फरक काय?
— एक प्राध्यापक, पणजी

उत्तर : फरक कष्टांचा. नसतील केले तर फरक नाही, तुमचा राग योग्य आहे.

मी एक चाचणी लावते. अशी कादंबरी हातात घेतली की आधी ‘सामा’ शोधते. हा नावाला लागणारा आदराचा प्रत्यय. इंग्रजीत लिहिणारे पुष्कळजण तो ‘साहेब’ असल्यासारखा सुटा वापरतात, शिपाई वाकून म्हणतो, ‘होय, सामा.’ म्हणजे ‘आनंदीबाईंनी’ मधला अनुस्वार काढून घ्यायचा आणि त्याला नमस्कार करायचा. दुसरी चाचणी ‘हाइ’. त्याचा अर्थ ‘हो’ खरा, पण निम्म्या वेळा तो नुसता ‘ऐकतेय’ असतो. पहिल्या वर्षी तिथे घरमालकीणबाईंनी माझ्या प्रत्येक वाक्याला ‘हाइ’ म्हटलं आणि मी समजले नळ दुरुस्त होणार. तिसरी : पात्र बाहेरच्या माणसाशी आपल्याच वडिलांबद्दल बोलताना आदरार्थी शब्द वापरतं का? जपानीत घरच्यांना बाहेर लहान करून सांगतात. आपल्या उलट. हे ज्याला कळलं त्यानं तिथे काही दिवस तरी कान देऊन काढले आहेत, आणि मग त्याला उडतं जहाज काढायचं असेल तर माझी ना नाही.

घेणंदेणं दोन्ही बाजूंनी झालेलं आहे, हेही सांगते. महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली नसती तर १९१६ चं त्यांचं विद्यापीठ कसं झालं असतं कुणास ठाऊक. त्यांनी तिथून किमोनो आणला नाही, कल्पना आणली आणि मराठीतून शिकवायला घेतलं.

प्रश्न : ओकायात तुम्ही रेशमाचे किडे खाल्ल्याचं लिहिलंत आणि चव सांगायची टाळलीत. असं चालणार नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : टाळली कारण आमच्याकडे सासूबाई हे मासिक वाचतात. आता त्यांनी वाचलंच आहे, तर सांगते. सूत काढून झालं की आतला किडा उरतो, तो तिथले लोक सोया सॉस आणि साखरेत आटवून डब्यात भरून विकतात. बाहेरून गोडसर, आत पिठूळ, आणि वास सुक्या जवळ्याच्या जवळपासचा. कोकणातल्या माणसाला फार परका वाटणार नाही. मी तीन खाल्ले. चौथा यजमानीणबाईंनी प्रेमानं पुढे केला तेव्हा मी ‘हाइ’ म्हणाले आणि खाल्ला नाही.